नऊ चित्रपटांअंती काढलेले निष्कर्ष

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार
मोहिनीचा नाशिकहून फोन. आयुषी ही तिची मैत्रीण नसून जोडीदार आहे, दोघींचा संसार आहे, हे तिने दिवाळी उरकल्यावर, म्हणजे सोयीची वेळ साधून, कळवले. नऊ तारखेला घरी येणार. "आम्ही येसूत ते दोन्ही जणी येसूत, नही ते मी बी नही." तीव्र संताप. तथापि मी बी.कॉम. असून केळीच्या बागेतही नोंदीशिवाय पाऊल टाकत नाही. विषयाचा अभ्यास करून लेखी मुद्द्यांनी मुलीचा गैरसमज दूर करीन. ती एकटी येईल.

२६ ऑक्टोबर
शहाद्याच्या वाचनालयात या विषयावर पुस्तक नाही. विचारले नाही, दिसले नाही. घरच्या टीव्हीवर मात्र केवळ प्रौढांसाठीचे चित्रपट विपुल आहेत. वेळ दुपारी दोन ते चार. सौ. सुनिता तेव्हा भजनी मंडळात असते. हेतू निव्वळ अभ्यासाचा.

२८ ऑक्टोबर
दोन पाहिले. संताप. दोघी नायिका पलंगावरही उंच टाचांच्या चपला काढत नाहीत. नखे इंचभर. स्वयंपाक कोणी करीत नाही, कामावर कोणी जात नाही. दाराला कडी लावण्याची पद्धत नाही. त्यामुळे शेवटच्या पंधरा मिनिटांत एक पुरुष आत येतो, बहुधा नळ दुरुस्त करायला, आणि दोघींना त्याचीच प्रतीक्षा होती असे निष्पन्न होते. इतका बेजबाबदारपणा मी कोठेही पाहिलेला नाही.

३१ ऑक्टोबर
एकूण नऊ. सर्वत्र तेच. नववा पडताळणीसाठी पुन्हा पाहिला.
निष्कर्ष निर्विवाद आहे. मोहिनी नखे कापते. आयुषी पाटबंधारे खात्यात आहे आणि फोटोत कॅनव्हासचे बूट घालते. सबब या दोघी तशा नाहीत. मन हलके झाले.

२ नोव्हेंबर
चौदा मुद्दे मोहिनीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. सुनिताने चष्मा लावून सर्व वाचले. म्हणाली, "पोर घर येई ऱ्हायनी, आन् तुम्ही नखे मोजी ऱ्हायनात." तिला पद्धतशीर कामाची कदर नाही.

४ नोव्हेंबर
मोहिनीचे उत्तर. टीव्हीवरचे खाते तिच्या नावावर असून पाहिलेल्या चित्रपटांची यादी नाशिकला दिसते. आयुषीने मोजले: नऊ, पैकी एक दोनदा. पुढे लिहिते, "त्या सिनेमा आम्हनावर नही, पप्पा. तुम्हनासारखा माणसंसाठे काढेल शेतस."
मी प्रेक्षक नाही. मी अभ्यासक आहे. हा फरक तिला कळू नये याचा अतिशय राग आला.

५ नोव्हेंबर
राग कायम. मात्र आता तो निर्मात्यांवरही आहे. नऊ चित्रपटांत एक खरी बाई नाही. असली सामग्री पुरवून त्यांनी माझा सिद्धांत तोंडघशी पाडला.

७ नोव्हेंबर
अंतिम निर्णय. आयुषीसाठी दार उघडणार नाही. सुनिताला तसे स्पष्ट सांगितले. ती भाकरी थापत होती. "दार मी उघडसू," म्हणाली. भाकरी उलटली.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३
दार सुनिताने उघडले. मी मागच्या खोलीत मुद्द्यांची छापील प्रत घेऊन थांबलो. तासभर कोणी बोलावले नाही. अखेर स्वतःच पुढच्या खोलीत गेलो.
दोघी वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत होत्या. नाशिकच्या घरी गॅसचे बटण कोणी चालू ठेवले, यावर वाद चालू होता. मोहिनी म्हणत होती आयुषीने, आयुषी म्हणत होती मोहिनीने. सुनिता न्यायनिवाडा करीत होती. हा वाद मी ओळखतो. माझ्या घरात तो एकतीस वर्षे चालू आहे.
मी घसा खाकरला. पुरुष आत आला होता. वाद थांबला नाही.
आयुषीने तेवढी मान वर केली. "काका, उभाच शेतस ते जरा पंखा लावा."
पंखा लावला. छापील प्रत उडू लागली. शेंगांच्या टरफलांखाली दाबून ठेवली.