चिरमुऱ्यांबरोबर गेलेला गेंडा

अहो सुमीचे बाबा,

तुम्ही जाऊन पाच वर्षं झाली, तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते, कारण काल माझं डोकं सटकलं आणि ते सगळ्या बोळानं ऐकलं.

पलीकडचे तात्या काल सकाळी गेले. पिकलेलं माणूस, पणतू बघून गेलं, म्हणून तिरडीपुढं चिरमुरे आणि नाणी उधळायची होती. तर तुमचे धाकटे बंधू, आपले विष्णू भावजी, माझ्या दारात उभे राहून विचारतात, वैनी, चिल्लर हाय का? दुसरं कुणी नाही, ते! जीभ कशी रेटली हो?

तुमच्या वेळी यांनीच फळीवरचा तुमचा नाण्यांचा डबा उचलला आणि पंचगंगेपर्यंत रस्ताभर उधळला. मला कळलं तिसऱ्या दिवशी, माणसं राख सावडून आल्यावर. डबा उघडला तर आत नुसता कापूस. विचारलं तर भावजी म्हणाले, चिल्लरच होती की, दादाचीच दादापुढं उधळली.

चिल्लर! उद्यमनगरात जन्मभर प्रेसवर पत्रा ठोकणाऱ्या माणसाचा जीव होता त्या डब्यात. स्टीलची नाणी आली तेव्हापासून तुमचा एकच धंदा. बाजार करून आलात की सुटे पैसे घेऊन खिडकीत बसायचं आणि एकेका नाण्यावरून नख फिरवायचं, टांकसाळीत चुकलेली तेवढी डब्यात ठेवायची. माझा चहा निवून जायचा. वर मला शिकवायचात, रेघ वर आलेली असेल तर ती टांकसाळीतली, आत गेलेली असेल तर बाहेर कुणीतरी ओरबाडलंय. प्रेसच्या डायला, त्या ठशाला, चीर गेली की धातू त्या चिरेत शिरतो आणि प्रत्येक वायसरवर रेघ उठते, नाण्याचंही तसंच. हे इतक्यांदा ऐकलं की मी कान झाकून घ्यायची.

आणि तो चार आण्याच्या नाण्यावरचा गेंडा! शिंगापासून शेपटीपर्यंत पाठीवरून उठलेली रेघ, दावं टाकल्यासारखी. केवढ्या हौसेनं तुम्ही तो नाण्यांच्या प्रदर्शनात नेलात. तिथल्या दुकानदारानं हातातसुद्धा न घेता सांगितलं, घासलेलं नाणं आहे, खर्च करून टाका. आणि तुम्ही गप्प परत आलात. का गप्प बसलात? त्याचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवायचं होतं की! घरात माझ्यावर बरा आवाज चढायचा तुमचा.

तुमचे दिवस झाल्यावर मी घाटापर्यंत मान खाली घालून चालत गेले. एक नाणं मिळालं नाही. तेव्हापासून दुकानात, एस्टीत, कुठंही सुटे पैसे हातात आले की आधी माझं नख चालतं. किराणावाला हसतो. सुमी म्हणते, आई, लोक बघतात. बघू देत.

तर काल भावजींना तोंडाला येईल ते बोलले. मग ते हळूच म्हणाले, "वैनी, मला काय ठावं? तुम्हीच म्हणालासा की, फळीवर हाय."

अहो, ते खरं आहे. फळीवर दोन डबे होते, एक दुधाच्या सुट्या पैशांचा, एक तुमचा. भावजी चिल्लर विचारायला आले तेव्हा मी तुमच्या पायाशी बसले होते, आणि मान वर न करताच फळीवर आहे म्हणून बोट दाखवलं. हे मला डबा उघडला त्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी पाच वर्षं त्या माणसाला बोल लावला. तुम्ही तरी डब्यावर दोन अक्षरं लिहून ठेवायची होती! जाऊ दे. तुम्हाला तरी कशाला बोलू.

भावजींना म्हटलं, "चुकलं माझं. बसा." आणि घरातली चिल्लर घेऊन उंबऱ्यावर बसले, एकेक नाणं नख लावून द्यायला. तिकडं तिरडी तयार, माणसं खोळंबलेली. कुणीतरी आवरा म्हणून ओरडलं, तर भावजीच त्याच्यावर खेकसले.

त्यात एक रुपया निघाला. नाण्यावरच्या कणसापासून कडेपर्यंत रेघ, बारीक, पण वर आलेली. घरात कधीपासून पडून होता कोण जाणे. मी भावजींचं बोट धरलं आणि त्या रेघेवरून फिरवलं.

"लागतंय की," ते म्हणाले. मग तिथंच बसून राहिले, तात्यांना उचललं तरी.

तो रुपया तुमच्या डब्यात ठेवला आहे, कापसावर. झाकणावर भावजींनी आज रंगानं लिहून दिलं, उधळायचा नाही. सुमीलाही बजावलंय, माझ्या वेळी नुसते चिरमुरे. आणि तुमचा गेंडा कुणाच्या तरी खिशात फिरत असणारच. नख चालतंय तोवर शोधीन. सापडला की आधी त्या दुकानदाराचं बोट धरते, मग तुमच्या फोटोपुढं आणून ठेवते.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमचीच सुशीला