बेट फुटलं त्या आठवड्यात

२ डिसेंबर
पुन्हा हादरे. चुलीवरचं पातेलं सरकत सरकत कडेला आलं. रोसामेल त्याला म्हणतो, "बस की बाबा एका जागी!" सगळे हसले. आमच्या या स्वयंपाक्याला भूकंपाशीही गप्पा मारता येतात. प्रमुख मात्र हसले नाहीत. एलेउतेरिओसाहेब तसेही फारसे हसत नाहीत.

दुपारी किनाऱ्यावर खड्डा खणून अंघोळ केली. डोक्यावर बर्फ पडतोय, खालून ऊन पाणी वर येतंय. दक्षिण ध्रुवाजवळच्या या बेटावर वर्ष होत आलं, तरी हे सुख जुनं होत नाही. संध्याकाळी घरून बिनतारीवर बायको बोलली, एर्सिलिया. मागे आमची चिमुरडी मारुहा गात होती, सगळं बेसूर. कान तृप्त झाले.

३ डिसेंबर
पाणी इतकं कढत की कुणी उतरलंच नाही. गंधकाचा वास घरातसुद्धा.

५ डिसेंबर, इंग्रजांच्या घरात
जिवंत आहे. आधी हेच लिहितो.

काल जेवणं उरकली आणि खाडीतून काळा खांब उभा राहिला. आवाज नंतर आला — छातीत. मग दगड. बिनतारीचा खांब पहिल्याच तडाख्यात आडवा. साहेब ओरडले, "सामान राहू दे, माणसं चला!" कोठीचे पत्रे उचकटले आणि दोघादोघांत एक डोक्यावर धरून निघालो. इंग्रजांचा तळ बेटाच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये बर्फाचा डोंगर. डिसेंबर म्हणजे इथं भर उन्हाळा, त्यात दुपार, पण राखेनं पुढचा माणूस दिसेना. पत्र्यावर दगड असे वाजत होते की बोलणंच खुंटलं.

माझ्या पत्र्याखाली रोसामेल. त्याचा गुडघा आधीच अधू. चढावर तो बसलाच. "तू हो पुढं निबाल्दो, मी जरा दम खातो." तिथं बसलेला माणूस उठत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "पत्रा एकट्याला पेलत नाही. ऊठ." पेलला असता. पण तो शिव्या देत उठला. थोडं चालला, पुन्हा बसला. साहेब मागे वळून आले, त्याचा दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला.

तेवढ्यात समोरून दोर बांधलेली तीन माणसं आणि घसरगाडी. इंग्रज! आम्हाला शोधायला त्याच दगडांत चढून आले होते. पुढचा उंच, डेसमंड नावाचा. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "घर. सूप. चला."

दरवर्षी आम्ही त्यांना लिहून कळवतो — बेट आमचं, निघा. तेही तेच आम्हाला कळवतात. मग दोघं मिळून फुटबॉल खेळतो. घसरगाडीवर आडवा पडलेला रोसामेल डेसमंडला म्हणाला, "बेट तुमचंच, घेऊन टाका."

"ते तुझ्या हातात नाही, रोसामेल," साहेब म्हणाले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग कळलं, आता नुसतंच पाणी येतंय.

सूप अळणी होतं. रोसामेलनं नाक मुरडलं आणि तीन वाट्या प्याला. आमच्यासाठी त्यांनी आपल्या खाटा सोडल्या, स्वतः जमिनीवर निजले. इथल्या बिनतारीवरही कालपासून नुसती खरखर.

६ डिसेंबर, जहाजावर
राखेचा खांब पाहून आमचं जहाज आलं; त्याच्या हेलिकॉप्टरनं सगळ्यांना उचललं, इंग्रजांनाही. वरून पाहिलं, आमचा तळ होता तिथं नुसती राख, वाफाळती. एकही माणूस कमी नाही. कुणाकुणाचे उपकार मानू? साहेबांचे, डेसमंडचे, त्या पत्र्याचे. आणि बेटाचेही — वर्षभर ऊब दिली, फुटलं तेही भर दिवसा, सगळे जागे असताना.

जहाजानं घरी निरोप धाडलेत.

९ डिसेंबर
अजून चहूकडे समुद्रच. डेसमंड आणि रोसामेल मुदपाकखान्यात भांडताहेत, मीठ किती घालायचं यावरून.

१० डिसेंबर, पुंता आरेनास
घरी. मारुहा जवळ येईना, दाराआडून नुसती बघत राहिली. एर्सिलिया हळूच म्हणाली, "त्या रात्री सगळे म्हणाले, कुणी वाचलं नसेल. आम्ही मेणबत्त्या लावल्या. तिला सांगून टाकलं रे, बाबा गेले. मग जहाजाचा निरोप आला, पण ती ऐकायलाच तयार नाही." जेवताना मारुहा आली. माझ्या हाताला एक बोट लावलं, झटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं. मग आईकडे वळून म्हणाली, "गरम आहे."