माझ्या मापाचं गिंबल

मुकुटबन,
१४ जानेवारी २०१८

प्रिय राजदीप,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नको, घरात सगळे जिवंत आहेत. फोन काहून केला नाही म्हणशील, तर फोन दिवसभर तुझ्या भाऊजींच्याच हातात असतो. दिसेनासं झाल्यापासून ते सगळं कानानं बघतात. आपल्या दोन खोल्यांत भांडं पडलं तर कोणतं पडलं तेही सांगतात. त्यांच्यापासून लपवून काही बोलायचं तर पत्रच उरतं. मी पिठाच्या गिरणीत नंबर लावून रामीबाईच्या बाकड्यावर बसले आहे. रामीबाई विचारते, कायले एवढं लिहून राह्यली, माहेरी भांडण लावतं काय. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे गप्प बसली.

त्या गिंबल हेडबद्दल, म्हणजे स्टँडवर लेन्स तोलून धरणाऱ्या त्या जोडणीबद्दल, लिहायचं आहे. परवा यांनी तुला फोन करून हलकंवालं पक्कं केलं, तेव्हा मी पोळ्या करत होते आणि सगळं ऐकत होते. ते तू तुझ्या कॅमेऱ्याच्या दुकानातून बांधून पाठवायच्या आत हे पत्र तिथं बर्डीवर पोचावं, एवढीच इच्छा आहे. मधला पाल्हाळ वाचायचा कंटाळा करू नको.

ती हातभर लांब लेन्स तूच यांना आणून दिली होतीस, कोणा डॉक्टरनं विकायला ठेवलेली. लग्नं आणि पासपोर्ट काढणाऱ्या माणसाला ही तोफ कायले पाहिजे म्हणून मी आठ दिवस धुसफुसले होते. पण यांनी तलावावरचे पक्षी काढून वणीच्या एका जिनिंगवाल्याला दाखवले, आणि त्या सेठनं त्या वर्षी पक्ष्यांचं कॅलेंडर छापलं. कापूस घेऊन गेलेले लोक देवाऐवजी पक्षी मिळाले म्हणून नाकं मुरडून घरी आले, पण कॅलेंडर लावलं सगळ्यांनी. अजून शेजारी मागच्या वर्षीचा धनेश पक्षी लटकलेला आहे. तारखा संपल्या तरी कोणी काढत नाही.

मग हा हंगाम आला. कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, औषधाचा फवारा वरून तोंडावर यायचा. मजूर मिळेना म्हणून यांनी स्वतःच पंप पाठीवर घेतला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी भाकर घेऊन गेले, तर बांधावर बसून मला म्हणाले, आज दिवस लवकर बुडाला का वं. यवतमाळच्या दवाखान्यात तू होतासच, ते परत लिहीत नाही. एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं राहिलं, आणि हातांना कंप धरला तो धरलाच. चहाचा कप भरून दिलेला यांना आवडत नाही. मी अर्धा अर्धा दोनदा देते.

डिसेंबरात तू दुकानातलं ते जड हेड दाखवायला आणलंस, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. जुन्या गोळीवाल्या हेडवर स्क्रू कितीही आवळला तरी लेन्स मान टाकायची, एवढंच माहीत होतं. तू या नव्या हेडच्या पाळण्यात लेन्स बसवलीस, पुढेमागे सरकवून तोल साधलास आणि हात सोडून दिलास. लेन्स जिथं होती तिथंच राहिली. वर केली तर वर, खाली केली तर खाली. मला आपल्या नेरच्या बाजारातला काटा आठवला, दोन्ही पारडी बरोबर झाली की असाच गप्प राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू घोरत होतास, म्हणून तुला माहीत नाही. आम्ही दोघं तलावावर गेलो. सगळं वजन यांच्याच खांद्यावर होतं. हात गेले, पण खांदे अजून बैलासारखे आहेत. मी नुसता कोपर धरून बांध आला, नाली आली, सांगत होते. तिथं खंड्या ओरडला. यांनी एक बोट लावून लेन्स आवाजाकडे फिरवली, आणि राजदीप, तो कंप त्या लोखंडात कुठे जिरला कोण जाणे. मी आत बघितलं तर खंड्या कोपऱ्यात होता, पण होता. मी म्हटलं, जरा उजवीकडे घ्या. तर मलाच म्हणतात, तू मले शिकवतं काय, गप बटन दाब. चार महिन्यांत पहिल्यांदा मला रागावले. मी इतकी खूश झाले की पहिला फोटो हललाच.

मला वाटलं, आता निभलं. हे फिरवतील, मी दाबीन, सेठचं कॅलेंडर पुन्हा निघेल. परदेशी हेड आपल्या ऐपतीत नाहीच, ते तूही सांगितलंस. आपल्याजोगी दोनच, हे जडवालं आणि ते काळं, किलोभराचं हलकंवालं. हलकंवालं वाऱ्यात थरथरतं, भाऊजींसाठी जडच बरं, हेही तूच म्हणालास. मग यांनी जडवालं काहून नको म्हटलं, हे मला कळेना. साठ किलोची बोरी उचलणारा माणूस दीड किलोला जड म्हणतो.

पुढचा तमाशा तर ऐक. यांनी मला पिशवीत दीड किलो तूर भरायला लावली. दुसरीकडे स्टँड, लेन्स, कॅमेरा. सगळं माझ्या पाठीवर देऊन शाळेपर्यंत जाऊन ये म्हणाले. परत आले तर विचारतात, कंबर दुखते का. मग त्यातली अर्धा किलो तूर काढली आणि पुन्हा पाठवलं. गावानं बघितलं, तूर घेऊन ही बाई कुठे येऊन-जाऊन राह्यली. मग मला स्टँडपुढे उभं केलं आणि हातानं चाचपून त्याचे पाय माझ्या डोळ्याएवढे केले. यांच्या छातीपर्यंतही येत नाही तो आता. मी थट्टा केली की बुटकीशी लग्न केल्याचं आज कळलं का. ते हसले नाहीत. परवाच्या आधीच्या फोनवर तुला तीन-तीनदा काय विचारत होते आठवतं? त्या हेडचा दांडा उलट्या बाजूला बसतो का, आवळायची खुंटी डाव्या हाताला येते का. तू हो म्हणालास. लहानपणी डाव्या हातानं जेवते म्हणून आई माझा हात पदराला बांधायची आणि तू पंगतीत मला चिडवायचास. या घरात डावखुरी मी एकटीच आहे रे. पण तेव्हाही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. माझी काळजी करून राह्यले, एवढंच वाटलं.

आता स्टुडिओचं सांगते. हे दवाखान्यात होते तेव्हा दुकान मीच उघडत होते, आणि त्या दिवसांत एकच काम यायचं. आजूबाजूच्या गावांतून लोक फवारणीत गेलेल्या माणसाचं आधारकार्ड घेऊन यायचे, त्यावरचा फोटो मोठा करून द्या म्हणायचे. त्यातल्या उकंडाचा तर तेवढाही फोटो नव्हता. त्याच्या बायकोनं भाच्याच्या लग्नाचा फोटो आणला, त्यात तो मागच्या रांगेत जिलेबी खात होता. जिलेबी पुसून मी त्याला शर्टाची गुंडी लावून दिली. असे फोटो काढायची यांची एक पद्धत आहे, तीच मला शिकवली होती. चेहरा नेहमीपेक्षा वर घ्यायचा, खाली छातीवर मोकळी जागा सोडायची. नाहीतर हार घातला की हनुवटी झाकते. दुसऱ्या कोणत्याच फोटोला आम्ही तशी जागा सोडत नाही.

मागच्या रविवारी यांनी पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला. वंदनेला विहारात जायचं असेल म्हणून मी केला. तर हे स्टुडिओत जाऊन स्टुलावर बसले. निळा पडदा सोड म्हणाले. म्हणाले, किती वर्षं लोकांचे काढले, माझा एक धड नाही, काढून ठेव. मी कॅमेरा लावला. मग अगदी सहज, मीठ टाक म्हणावं तसं म्हणाले, चेहरा वर घे, खाली जागा सोड.

पिशवीतली तूर, माझ्या उंचीचा स्टँड, डावीकडची खुंटी, सगळं एका क्षणात समजलं. हा माणूस स्वतःसाठी हेड निवडतच नव्हता. आपण नसल्यावर मी एकटीनं काय काय उचलू शकेन, ते मोजून राह्यला होता. मी रडले असते तर त्यांना ऐकू आलं असतं. म्हणून रडले नाही. मी लेन्सवरची टोपी काढलीच नाही आणि बटन दाबलं. आवाज आला, फ्लॅशही उडाला. चांगला आला का म्हणाले. मी म्हटलं, लय चांगला आला.

तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही. आता इथं बसले आहे तर शेजारचे धर्मपाल काका मुद्दाम पत्ते घेऊन घरी बसले आहेत. काकांना मी सगळं सांगितलं. उद्या यवतमाळला मनाच्या डॉक्टरला दाखवायचं, हेही काकांनीच यांच्या गळी उतरवलं. झोपेची गोळी आणायला जायचं म्हणून तयार झाले. तिथं डॉक्टरपुढे मी सगळं बोलणार आहे, मग रागावले तर रागावले.

माझा नंबर आला, दळण झालं, रामीबाई हाका मारते आहे. म्हणून ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते. हलकंवालं पाठवू नको. फोन करून यांना सांग की ते संपलं, कंपनीनं बंद केलं, काय वाटेल ते सांग. तू लहानपणापासून खोटं बोलण्यात पटाईत आहेस, एकदा माझ्यासाठी बोल. जडवालं पाठव. त्याहून जड एखादं असेल तर ते पाठव. मला एकटीला उचलता येईल असं काही या घरात नको आहे. आणि पाठवू तरी नकोच, स्वतः घेऊन ये, चार दिवस राहा, आणि तो स्टँड पहिल्यासारखा त्यांच्या उंचीचा करून जा. मी दगडावर उभी राहीन.

तुझीच,
दीपमालाताई