उजवा कौल

बाबा,

"पेपर लिवून झालाय ना गो? मग आता आईला काय इचारायचं?" दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी तुम्ही मला म्हणाला होतात. मी पास होणार का, ते गावदेवी आईला कौल लावून विचारा, असा माझा हट्ट होता. तुम्ही देवळाचे पुजारी. विहीर कुठे खणू, मुलगी त्या घरी देऊ का, असलं विचारायला पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपासून माणसं तुमच्याकडे यायची. तुम्ही देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायचात, गाऱ्हाणं घालायचात आणि मागे सरायचात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाण्याचा तांब्या धरून मी शेजारी उभी असायची. पण माझ्यासाठी तुम्ही पाकळीला हात लावला नाहीत. पुढे काय करायचं ते देवीला विचारावं, होऊन गेलेलं विचारू नये, एवढं सांगून दिवा लावायला निघून गेलात.

त्याच वर्षी, परीक्षेआधी, मी चुलीपाशी बसून उत्क्रांतीचा धडा मोठ्याने वाचते आहे आणि तुम्ही राखेने ताम्हण घासता आहात. माणसाचा आणि माकडाचा पूर्वज एकच, हे वाक्य येतं तशी आई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावते. मी चिडून तुम्हाला विचारते, तुम्हाला पटतं का हे? "आपली देवी खडकातून वर आली, ते तुला पटत नाय. तुझा मानूस माकडातून आला, ते मला पटत नाय. जेवायला बस." चार दिवसांनी देवळातून येताना तुम्ही केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून आणलंत. आत मेलेलं वटवाघूळ होतं, गाभाऱ्यामागे सापडलेलं. "तुझ्या धड्यातलं," म्हणालात. मी पंख ताणून धरला तर त्या पातळ कातड्यात पाच बोटं दिसली, माझ्या हातासारखी. आज मी विज्ञान शिकवते ती त्या पानामुळे. हे तुमच्या हयातीत सांगायचं राहून गेलं.

यंदा दहावीच्या मुलींनी वर्गाच्या भिंतीसाठी मोठं चित्र काढलं. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, सारखी हाडं सारख्या रंगात. वर एक झाड, त्याच्या एका फांदीवर माणूस आणि शेजारच्या फांदीवर माकड. मुली ते महाडहून आणलेल्या रंगांनी आठवडाभर रंगवत होत्या. मग गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवांनी टोमणा मारला की या शाळेत पोरांना देव सोडून माकड हा बाप म्हणून शिकवतात. दुसऱ्या दिवशी चित्राचा फोटो गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर गेला आणि रविवारी देवळात बैठक बसली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, गाव तुमचं. तुम्हीच मिटवा."

मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून आले होते. "टेन्शन घेऊ नका मॅडम. पण दुनिया आईनं घडवली आणि तुम्ही पोरांना माकडं दाखवता, हे कसं चालंल?" मी म्हटलं, धडा पुस्तकात आहे, परीक्षेला येतो. मागून एक म्हातारी म्हणाली, "त्या फांदीवरला माकड आमच्या दिरासारका दिसतो. म्हंजे खोटा नसंल." सगळे हसले, तिचा दीरही हसला, आणि मला वाटलं मिटलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "भांडायचं कशाला? कौल लावू. आई नको म्हणाली तर चित्र उतरवा, आणि तो धडा वर्गात घेऊ नका. पोरं घरी वाचतील."

तेव्हा मी तुमचा आधार घेतला. म्हटलं, "होऊन गेलेलं आईला विचारू नये, असं माझे बाबा सांगायचे. माणूस कसा झाला, ते होऊन गेलंय." जुनी माणसं माना डोलवू लागली. अध्यक्षांनी जरा विचार केला. "बरोबर हाय. मानूस कसा झाला ते नाय विचारत. उद्यापासून शिकवायचं का, ते विचारतो. ते तर पुढचंच हाय ना?" बाबा, धडा पाकळीवर ठरत नाही, असं म्हणायला हवं होतं. तुमच्या गाभाऱ्यासमोर ते तोंडातून निघेना.

तुमच्यामागे पूजा माझा चुलतभाऊ करतो. कौल त्याला तुम्हीच शिकवलात. त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे, वटवाघळाचा पंख तिने रंगवलेला. त्याने डावी पाकळी तांब्यात बुडवून नीट दाबून बसवली. उजवीही बुडवली, पण मूर्तीकडे वळताना उपरण्याच्या टोकाला टिपून कोरडी केली. सगळ्यांची नजर देवीच्या मुखाकडे होती. हातांकडे बघायची सवय मला एकटीलाच. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी गळून पडली. सगळ्यांनी हात जोडले. "सॉरी मॅडम, चुकलं आमचं," असं अध्यक्ष म्हणाले आणि ते अगदी मनापासून म्हणाले. भावाने नारळाची वाटी माझ्या हातात ठेवली. "घे ताई. शिकव आता निवांत." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी वाटी घेतली.

सोमवारी धडा शिकवला. चांगला शिकवला. मुली आपापली मनगटं चाचपून हाडं मोजत होत्या. जे दिसलं ते तसंच सांगायचं, आपल्याला हवं तसं नाही, असंही मी त्यांना सांगितलं. दरवर्षीच सांगते.

भाऊ आता मंगळवारी जेवत नाही. कौल लावायला कुणी आलं तर पाठ धरली आहे म्हणून परत पाठवतो. काल माझ्या ओट्यावर येऊन बसला. "ताई, आईला राग आला आसंल का गो?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी असं काही नसतं म्हणाले असते. त्याला म्हटलं, "आला असेल तर माझा आला असेल." चहा तसाच ठेवून तो गेला.

बैठक पुन्हा बोलवून सांगून टाकावं, असं रोज मनात येतं. सांगितलं तर चित्र जाईल, धडा जाईल आणि भावाची पूजाही जाईल. पण मी गप्प आहे ती तेवढ्यासाठीच, असं तुम्हाला कसं सांगू? पाकळी पडली तेव्हा मला आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली. आणि तो आनंद अजून पुरता गेलेला नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते या वहीतच राहील. तरी तुमच्याकडे एक मागते. पोरी, गप्प राहिलीस ते बरं केलंस, एवढं एकदा म्हणा. तुम्ही म्हणणार नाही, हे ठाऊक आहे मला. तरी म्हणा.