चार जणांचा तंबू

शुगर लँड, टेक्सास, १२ मे १९९६

चि. रोशनी,
सप्रेम जयभीम.

यंदा सुट्टीत घरी येणार नाही म्हणालीस, तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आम्हीच येतो. तुझ्या हॉस्टेलात पाहुणे चालत नाहीत ना? मग लीलच्या आसपास कॅम्पिंग करू. कालव्याकाठच्या एका कॅम्पला फॅक्स केला, जुलैतल्या तारखा बदलल्या, परत फॅक्स केला. तुझी आई म्हणते, लहानपण गळक्या ताडपत्रीखाली गेलं, आता हौसेने परत तिथेच जायचं का? मी अंगणात तंबू ठोकतो, काढतो, पुन्हा ठोकतो. डास खूश आहेत.

फोनवर मागे कुकरची शिट्टी ऐकली. बरं वाटलं, वरणभात खातेस.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
बाबा

लील, फ्रान्स, २५ मे

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

बाबा, जरा शांत बसा ना! इथे जुलैतही पाऊस असतो, कालव्याकाठी नुसता चिखल. आईचे गुडघे, माझा थीसिस... कॅम्पिंग कॅन्सल करा. डिसेंबरात मीच येते. आणि तो कुकर शेजारणीचा होता.

रागवा, पण माया आटवू नका.
रोशनी

शुगर लँड, ६ जून

चि. रोशनी,
सप्रेम जयभीम.

कुकर कुणाचा, हे मी विचारलंच नव्हतं.

जन्मभर पंप दुरुस्त केले मी. आवाजावरून आतलं कळतं. शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला, आणि तुझं वाक्य तुटलं नाही. न सांगता गॅस बंद करतो, तो पाहुणा नव्हे. कोण, कुठला, विचारावंसं फार वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण नाही विचारत. तिघांचा तंबू परत केला, चौघांचा आणला. आईला बोललो नाही. तिने मात्र मसाला जास्तच भाजलाय.

आमच्यासाठी मनात जागा ठेव. तंबूत आम्ही ठेवलीय.
बाबा

लील, १९ जून

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

त्याचं नाव श्रीरंग. त्याची जात ऐकून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल, या भीतीने दडवलं. तुमचं पत्र त्याने दोनदा वाचलं. मग बाहेर गेला आणि लांब खुंट्या घेऊन आला. चिखलात आखूड टिकत नाहीत म्हणतो.

तुम्ही घोरता, हे सांगितलंय. तरी येतोय.

तुमचीच,
रोशनी