खटक्यावरची टोपी

१४ मार्च
पोचलो एकदाचा पुंता गार्साला! समोर समुद्र, मागे नारळ, मधे माझं सांडपाण्याचं केंद्र. बारा हॉटेलांची घाण माझ्या हाती, म्हणजे इथला खरा राजा मीच! डोंगरातल्या कारखान्यात सात वर्षं पंप चालवलेत, वासाचं काय कौतुक? मॅनेजर दॉन रेमिहियो म्हणाला, आधीचा फिदेन्सियो भारी कटकट्या, मैल्याच्या विहिरीत उतरायला जोडीला माणूस हवा म्हणून रोज भुणभुण. आज सकाळीच त्याला काढून टाकलं. पंपाच्या खटक्यावर ताडाच्या पातीची टोपी लटकत होती. विसरला असेल बिचारा. डोक्यावर घालून पाहिली, अगदी मापात बसली. खटका ओढला. पंप कण्हला, अडला, मग सुटला.

१७ मार्च
काम झकास चाललंय. टाकीत तपकिरी फेस धरलाय, म्हणजे तिची तब्येत चांगली. एकच भानगड आहे. रात्री टोपी खिळ्याला अडकवून झोपतो आणि सकाळी ती खटक्यावर असते, आतून ओली. पंप बंद. पहारेकऱ्याला फैलावर घेतलं. त्यानं छातीवर क्रूस काढला, म्हणाला की त्या खोलीत तो पायसुद्धा ठेवत नाही.

१९ मार्च
फिदेन्सियोची बायको, दोन्या ओतिलिया, फाटकाशी आली. नवरा पाच दिवस घरी आलेला नाही. माझ्या डोक्यावरची टोपी पाहिली आणि ती मटकन खालीच बसली.
इथली रीत तिनं सांगितली. विहिरीत उतरणारा आपली टोपी खटक्यावर टांगतो. टोपी आहे तोवर पंपाला कुणी हात लावत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.
मला नव्हतं ठाऊक. मला कुणी सांगितलं नाही!

२० मार्च
पंप बंद केला, टोपी खटक्यावर टांगली आणि दॉन रेमिहियोसमोर जाऊन उभा राहिलो. गडी जागचा हलला नाही. म्हणे पवित्र आठवडा तोंडावर आलाय, हॉटेलं भरलीत, विहीर उपसली तर घाण किनाऱ्यावर येईल. ईस्टर होऊ दे, मग बघू. मेलेला काय पळून जातोय?
टेबलावर मूठ आपटली मी. माझ्या हातानं माणूस मेला, आणि या मेल्याला पाहुण्यांची पडलीय! चौकीवर गेलो तर तिथला साहेब हसला. परत येतो तर दॉन रेमिहियोनं स्वतः टोपी कोपऱ्यात भिरकावून पंप सुरू केलेला. जळो याचं हॉटेल! तळपट होवो त्याचं!

२२ मार्च
पंपाच्या जाळीत अंगठी अडकली. आत ओतिलियाचं नाव.
तिला नेऊन दिली. रडली नाही. म्हणाली, अंगठीवर मेल्यामागची नऊ दिवसांची प्रार्थना कशी धरू? मला माझा माणूस पाहिजे.
शब्द दिलाय तिला.
पाइपवर ठोके येतात. खालून. भर दुपारी.

२३ मार्च
मला काढलं. उद्या संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाला. नवा माणूस शोधलाय, लांबचा. लांबचाच बरा मिळतो त्याला! काही माहीत नसलेला!
टोपी पुन्हा खटक्यावर. पाणी टपकतंय.
ठोके थांबत नाहीत. बोलावतोय मला.

२४ मार्च, दुपार
पंप बंद. सकाळपासून विहिरीचं झाकण उघडं ठेवलंय, वास जरा ओसरलाय. टोपी खटक्यावर टांगली — त्याचीच. ओतिलिया भावाला आणि दोर आणायला गेलीय. थांबायला हवं होतं. नाही थांबलो — पाच दिवस थांबून काय झालं?

शिडीच्या मधल्या फळीवर बसलोय. वही खिशात होती. खाली दिसतोय — त्याचा सदरा —

ठोके. माझ्या पायाखालीच. जोरजोरात. एवढा का चिडलाय —

बोलावत नव्हता. इतके दिवस — वर जा म्हणतोय. वर जा —

पाय सुन्न. या वासानं — उठता येत नाही —

वर दार वाजलं. ओतिलिया? नाही. शीळ घालतोय कुणी. अनोळखी. दॉन रेमिहियो त्याला खोली दाखवतोय — मी काल चालता झालो म्हणतोय —

ओरडतोय, घशातून आवाज फुटत नाही. पाइप ठोकतोय. आम्ही दोघं ठोकतोय —

हसला तो. अगदी मापात बसली म्हणतो —

अरे, टोपी नको — खटक्याला हात ला