तेराचा पाढा

६ ऑक्टोबर १९५८, सोमवार

जीभ डाव्या बाजूला चावली गेली आहे. म्हणजे काल आकडी आली होती. मोठीच.

काल घरी म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. मी पानं वाढत होते, एवढं आठवतं. पुढचं सगळं सुभद्रेच्या तोंडून — "वड्यांची परात घेवन उब्याच्या आडव्या झालात, वन्सं! वडे सगळे खळ्यात." मग तिने उंबऱ्याजवळची चप्पल उचलून माझ्या नाकाला लावली. आकडीवर चामड्याचा वास, हा इथला रामबाण! चप्पल निघाली भटजींची. ते म्हणे कितीतरी वेळ एका पायात चप्पल घालून तिथेच अंगणात उभे. दुसरी मागावी कशी? सांगता सांगता ती हसली, मग रडली. मीसुद्धा.

माझा भाऊ धोंडू म्हाळापुरता मुंबईहून आला होता. आज गेला. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. घरात पुन्हा मी आणि सुभद्रा, त्याची बायको.

कोल्हापूरला कॉलेजात असताना पहिली आली. त्याला चोवीस वर्षं झाली. आता पुरे!

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी वाढवली आणि एक निळी वही दिली. आकडीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे सहा तारखेपासून धरून, रोज एक ओळ लिहायची, आकडी आली की नाही. "झालं तेच लिहा. वाटलं ते नको."

मी म्हटलं, "पण ती येते तेव्हा मी तिथे नसतेच!"

ते हसले. पण मी विनोद केला नव्हता.

विहिरीवर एकटीने जायचं नाही. चुलीपाशी एकटीने बसायचं नाही. होडी नाही. न्हाणीला आतून कडी नाही. या शेवटच्यावर सुभद्रेचा तोडगा — "न्हाताना कायतरी मोठ्यान म्हणत ऱ्हवा. गप्प झालात की मी दार ढकलतंय." देवाचं काही न्हाणीत म्हणवत नाही. म्हणून पाढे. तेराचा चांगला लांबतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या मुख्याध्यापिका पद्मावतीबाई मे महिन्यात निवृत्त होतात. नंबर माझा लागतो. शाळेच्या मंडळाचे गणपतराव आज मुद्दाम वर्गाबाहेर थांबले होते. आधी ऑफिसातलं मराठी, "आपली योग्यता निर्विवाद आहे." मग आवाज खाली, "बाईनु, मुलींसमोर पडलात तर आवशी-बापूस काय म्हणतले? सहा म्हयने काय झाला नाय, असा डॉक्टरकडसून लिवन आणा. मग माका कोण अडवता ता बगतंय."

राग आला. नोकरीला लागताना मी स्वतःहून सांगितलं होतं, लपवलं नव्हतं! पण त्यांचं चुकलं कुठे? माझी मुलगी असती तर मीही हेच विचारलं असतं.

सहा महिने ५ एप्रिलला पुरे होतात. मी करून दाखवीन.

४ नोव्हेंबर

नाही.

१ डिसेंबर, सोमवार

नाही. छप्पन्न ओळी झाल्या, आजची सत्तावन्नावी. गोळीने डोळे जड होतात, पाय जमिनीवर टेकत नाहीत असं वाटतं. तरी एकही चुकवली नाही. उपास सोडले. जागरणं सोडली. सुभद्रा देवळात कौल लावून आली, देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, दिला म्हणे. मी म्हटलं, "गोळीसुद्धा उजव्या हातानेच घेते." तिला आवडलं नाही. नको होतं बोलायला.

वर्गात एक बरं घडतं आहे. पाचवीच्या मुली हल्ली आपणहून पाढे म्हणतात. मी काही शिकवत असते, आणि बघते तो वर्ग एका सुरात चालू! सुरुवात बहुतेक सत्यवती करत असावी, ती मॉनिटर. एकदा म्हटलं, "अगं, हा व्याकरणाचा तास आहे." सगळ्या खाली बघायला लागल्या. मग रागावले नाही. पाढे म्हणणाऱ्यांना रागवायचं कसं?

१९ जानेवारी १९५९, सोमवार

पद्मावतीबाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गातून पाढे ऐकू येतात. माझ्या वर्गात मुसळ घेऊन उभी राहिले तरी कोणी म्हणत नाही. काय जादू केलीत?" मी नम्रपणे काहीतरी म्हटलं. आत फुशारले होते. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फळ्यावर 'कर्ता' लिहीत होते. 'ता'चा काना फळ्याच्या तळापर्यंत ओढत गेलेला दिसला. खडू पायाशी, दोन तुकडे. मुली चौदाच्या पाढ्यात.

गोळीची गुंगी असणार. रात्री झोपही कमी झाली होती.

निळ्या वहीत लिहायचं का? पडले नाही. जीभ शाबूत. कपडे कोरडे. डॉक्टर म्हणाले होते, झालं तेच लिहा. मग झालं काय? काना लांबला!

पाव तास टाक हातात धरून बसले. शेवटी लिहिलं, 'नाही'.

मला हा शब्द लिहायला आवडू लागला आहे. हे बरं लक्षण नव्हे.

१२ मार्च, गुरुवार

नाही. आता चोवीस दिवस उरले.

गणपतराव रस्त्यात भेटले. खूश दिसले. "जूनपासून खुर्चीक नवी गादी घालूक सांगतंय." मी ओशाळून हसले. घरी येऊन सुभद्रेला सांगितलं. तिने धोंडूला पत्र घालायला लावलं, वर स्वतःची एक ओळ — 'वन्सं आता मोठ्या बाई होतल्या.'

३ एप्रिल, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

सत्यवतीला गोवर आला आहे, दोन दिवस ती शाळेत नाही. मी धडा वाचत होते. एक शब्द जरा वेगळा होता, म्हणून खिडकीबाहेर बघत त्याचा अर्थ मनात जुळवत होते. एवढ्यात पहिल्या बाकावरची लहानगी लक्ष्मी जीव खाऊन ओरडली, "बारा एके बारा!" मागून अख्खा वर्ग.

मी म्हटलं, "थांबा! तुला कोणी सांगितलं, गो?"

लक्ष्मी उभी राहिली. रडकुंडीला आली. "बाई, माका वाटला तुमी गेलात."

"गेले? मी कुठे गेले?"

मग मागून कोणीतरी दबक्या आवाजात, "लक्ष्म्ये, डोळे बग आधी! सत्यवतीन काय सांगितलेला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मी बोलता बोलता थांबते. डोळे उघडे, ओठ हलतात, बोटं पदर चाचपतात. हाक मारली तरी ओ देत नाही. पहिल्यांदा त्या घाबरल्या होत्या. मग शेजारच्या वर्गात शांतता कळू नये म्हणून सत्यवतीने पाढे काढले. बाराच्यापासून सुरुवात. "भौतेक तेराच्यात परत येतास, बाई. एकदा सोळाचो लागलो."

मी विचारलं, किती वेळा? बोटांवर मोजत त्यांच्यात भांडण लागलं. आठवड्याला दोन, नाही गो, तीन.

मी म्हटलं, "बसा. तुमचं काही चुकलं नाही." आणि धडा पुरा केला. पुरा केला!

४ एप्रिल, शनिवार

सकाळी सुभद्रेला सरळ विचारलं, न्हाताना मी पाढा म्हणता म्हणता थांबते का?

ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "थांबतास मा. रोज नाय."

"मग तू दार का ढकललं नाहीस?"

"मिया भायरसून फुडचा म्हटला, की वायच येळान तुमी परत म्हणाक लागतास. माका वाटला पाढो इसारतास." मग फार हळू, "एवढी शिकलली बाई आणि तेराचो पाढो येयना! म्हणान कोणाक बोललंय नाय."

हसू आलं. मग निळी वही उघडून बसले.

मनात एकच वाक्य फिरतं आहे — पण मी पडले नाही. गणपतरावांना पडण्याची भीती, आणि मी पडले नाही. निळी वही नेऊन ठेवली तर डॉक्टर उद्याच लिहून देतील. वहीत एकही खोटं अक्षर नाही.

नाही? काना लांबला तेव्हा मला ठाऊक नव्हतं का? पाव तास टाक धरून कशाला बसले होते?

आणि पावसाळ्यानंतर शाळेची सहल होडीने निघाली, मुली काठाशी वाकल्या, आणि मी तेवढ्यात बाराच्यापासून सोळाच्यापर्यंत गेले तर?

दुपारी सत्यवतीच्या घरी गेले. दाराबाहेरूनच बोलले. ती खिडकीत आली, तोंडभर पुरळ. मी म्हटलं, "कुठल्या दिवशी, कितीपर्यंत, आठवेल तेवढं सांग. मी लिहून घेते." तिने आधी रडून घेतलं. मग गणितासारखं सांगू लागली.

५ एप्रिल, रविवार

आज सहा महिने पुरे. निळ्या वहीत एकशे ब्याऐंशी ओळी. सकाळपासून बसून प्रत्येक 'नाही'च्या आधी एक शब्द लिहिला — 'माहीत'.

शेवटच्या पानावर सत्यवतीने सांगितलेले पाढे. डॉक्टरांकडे निघाले आहे. चिठ्ठीसाठी नव्हे, औषधासाठी.